आजार आधीचा की नंतरचा

माझ्या सासूबाई माझा कप जरा जास्तच धुतात, हे माझ्या लक्षात यायला लग्नानंतर फार दिवस लागले नाहीत. संशय घेणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. ठाण्याच्या एका ऑफिसात मी आरोग्य विम्याचे क्लेम तपासते. लोक आपापली दुखणी फायलीत घालून पाठवतात आणि त्यात पाणी कुठे मुरतंय ते मी शोधते. आमच्याकडे सगळ्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: आजार पॉलिसीच्या आधीचा की नंतरचा? आधीपासूनचा असेल आणि लपवला असेल, तर मग पुढचं काहीच खरं धरता येत नाही. हा प्रश्न विचारून विचारून मला आता तसंच वळण पडलंय. शेजारीण पाय मुरगळला म्हणाली तरी माझ्या मनात येतं, कधी मुरगळला, आणि कोणी पाहिलं?

आमचं घर डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. सासूबाई, नवरा, मी आणि बालवाडीत जाणारी आमची मुलगी. सासरे आमच्या लग्नाच्या आधीच गेले. नवऱ्याकडचे मूळचे कोकणातले, देवघर आणि सोवळंओवळं असलेल्या घरातले. मी कल्याण पूर्वेच्या चाळीत वाढलेली, बौद्ध घरातली. आमचं आम्हीच जमवलं. माझ्या घरी थोडी कुरकुर झाली. सासूबाईंनी मात्र चकार शब्द काढला नाही, उलट मला जवळ घेऊन साडी दिली, आणि तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आरडाओरडा करणाऱ्याशी भांडता येतं. गोड बोलणाऱ्याचं काय करायचं?

चहा झाला की सासूबाई कप गोळा करायच्या. नवऱ्याचा, स्वतःचा, मुलीचा दुधाचा पेला, सगळं भराभर विसळून पालथं. माझा कप मागे राहायचा. मग नळ सुरू व्हायचा. घासणी, साबण, नळ. पुन्हा घासणी, पुन्हा साबण. त्यांचे ओठ हलत असायचे. कप ठेवायच्या, दोन पावलं मागे यायच्या, आणि काहीतरी विसरल्यासारख्या परत सिंककडे वळायच्या. मी ओट्याला टेकून फोनमध्ये डोकं घातल्यासारखं करायचे आणि नळाचा आवाज ऐकत राहायचे. अंगाची लाही लाही व्हायची.

"अगं, ती सगळंच धुते," नवरा म्हणायचा. "दुधाची पिशवी धुते, दाराच्या कड्या धुते, कोथिंबीर तर धुऊन धुऊन मारते. कोरोनात अख्खी सोसायटी पिशव्या धूत होती ना, तेव्हा तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं असेल, चला, लोक शहाणे झाले. ओसीडी आहे तिला, तेच तेच परत परत करत राहण्याचा आजार. लहानपणापासून बघतोय मी."

"डॉक्टरने सांगितलं?"

"डॉक्टरने कशाला सांगायला पाहिजे? नेटवर वाच ना."

मला तो आजार फार सोयीचा वाटला. सगळंच धुतात हे खरं होतं, पण सगळं सारखं धूत नव्हत्या. ऑफिसात असं काही दिसलं की आम्ही तपासणी लावतो. मी घरीही लावली. आमचे कप सगळे एकाच सेटमधले, पांढरे, निळ्या काठाचे. कोणाचा कोणता हे फक्त जागेवरून कळायचं. एका रविवारी सासूबाई दार उघडायला गेल्या तेवढ्यात मी माझा आणि नवऱ्याचा रिकामा कप अदलाबदल करून ठेवला. माझा उष्टा कप नवऱ्याच्या जागेवरून उचलून त्यांनी एका हाताने विसळला आणि पालथा घातला. नवऱ्याचा कप माझ्या जागेवर होता. तो त्या धूत राहिल्या, धूत राहिल्या, इतक्या की त्यांच्या बोटांच्या भेगांतून रक्त आलं.

रक्त पाहून मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, सापडली.

त्यानंतर नवऱ्याच्या आत्याकडे खडवलीला जायचा योग आला. आत्या म्हणजे सासूबाईंची नणंद, आणि नणंदेला सगळं माहीत असतं, आणि ती सांगतेही. जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आईंना हे धुण्याचं कधीपासून?

"अगं, सून म्हणून आली तेव्हापासून नळाखालीच," आत्या हसल्या. "आम्ही म्हणायचो, वहिनीचं सोवळं फार. भाऊ वैतागायचा, टाकी रिकामी करते म्हणून."

म्हणजे आजार आधीचा. पण माझं समाधान होईना. मी विचारलं, "पण तेव्हा कोणाचे कप धुवायच्या?"

"कपांचं काही आठवत नाही बाई. आणि तेव्हा तुमच्यातलं कोण यायचं घरात?"

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. मग मी नको नको म्हणत असताना माझ्या वाटीत आणखी आमरस वाढला. तो मी मुकाट्याने खाल्ला. चवीला चांगला होता, हेही लिहायला हवं.

माझे बाबा महिन्या-दोन महिन्यांनी नातीला भेटायला डोंबिवलीला येतात. येताना स्वतःची पाण्याची बाटली आणतात. चहा विचारला की म्हणतात, "नको, शुगर आहे." बिनसाखरेचा विचारला की म्हणतात, "आत्ताच घेऊन आलोय." बाबांच्या शुगरचे रिपोर्ट मीच आणते. त्यांना शुगर नाही. हा खोटेपणा मात्र मी कधी उघड केला नाही.

हे सगळं असंच चाललं असतं. मी चिडले असते, नवऱ्याने नेटवरचं वाचून दाखवलं असतं, बाबा बाटली घेऊन आले असते. पण एका दुपारी मुलगी शाळेतून घामाघूम होऊन आली आणि पाणी पाणी करायला लागली. मी पाणी पीतच होते. माझाच ग्लास मी तिच्यापुढे धरला. तिने हात मागे घेतला.

"हा तुझा आहे ना? आधी धुऊन दे."

ती रागावली नव्हती की लाडात आलेली नव्हती. चप्पल बाहेर काढायची, हात धुऊन जेवायला बसायचं, त्यातलाच हा एक नियम असल्यासारखं बोलली. मी विचारलं, "आणि बाबाचा असता तर?" ती म्हणाली, "बाबाचा चालतो."

माझ्या आजीला गावात लोक वरून ओंजळीत पाणी घालायचे. ही गोष्ट मी मुलीला ती मोठी झाल्यावर सांगणार होते. आता माझ्याच घरात, माझ्याच पोटच्या मुलीने माझा ग्लास धुऊन मागितला होता. मी ग्लास खाली ठेवला. त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, "एकतर हे थांबेल, नाहीतर मी हिला घेऊन कल्याणला जाते. आजार असेल तर उपचार करा. आणि आजार नसेल, तर मला तसं सांगा."

नवरा घाबरला. आणि घाबरल्यावर त्याने जे केलं ते तोच करू जाणे. त्याने कुठेतरी वाचलं होतं की ओसीडी असलेल्या माणसांच्या मेंदूत जोडण्या वेगळ्या असतात, आणि ते एमआरआयमध्ये दिसतं. मग त्याने आईला डोकं दुखतं असं सांगायला लावून कुठल्याशा डॉक्टरची चिठ्ठी मिळवली, कल्याणला नेऊन तिचा एमआरआय काढून आणला आणि तो मोठा लिफाफा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मी रोज रिपोर्ट वाचते, म्हणून मला रिपोर्टनेच पटेल असा त्याचा हिशोब. मी काढून वाचला. सगळं नॉर्मल. वयाला शोभेल असा मेंदू.

"बघ," मी म्हणाले, "आमच्याकडे हा क्लेम टेबलावरच नाकारला असता."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांचं तोंड उतरलं. आपल्या डोक्यात काहीच सापडलं नाही याचं त्यांना इतकं वाईट का वाटावं, हे मला तेव्हा कळलं नाही.

फोनवर बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आधी ते धर्मात होतं म्हणायचे. मग म्हणाले संस्कारात. आता मेंदूत गेलं का?"

शेवटी ठाण्यात एका मानसोपचार डॉक्टरांची वेळ घेतली. नवऱ्याला सुट्टी मिळेना म्हणून मी गेले, आणि सुट्टी मिळाली असती तरी मीच गेले असते. मला तो लिफाफा डॉक्टरांसमोर ठेवायचा होता. डॉक्टर साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी फिल्म बाहेर काढलीसुद्धा नाही.

"यात दिसणारच नाही," त्या म्हणाल्या. "यात मेंदूचा आकार दिसतो. गाठ आहे का, सूज आहे का, वगैरे. जोडण्यांचा अभ्यास वेगळा असतो. माणूस स्वस्थ पडलेला असताना मेंदूचे कोणते भाग एकाच वेळी जागे होतात, एकाच वेळी शांत होतात, ते बघतात. ओसीडीच्या बऱ्याच लोकांचं बाकीच्यांशी ताडून पाहिलं की फरक दिसतो. काहीतरी चुकलंय असं सांगणारा पुढचा भाग आणि सवयी सांभाळणारे आतले भाग, यांच्यातला संवाद वेगळा चालतो. 'झालं, आता पुरे' हा निरोप नीट पोचत नाही. पण एका माणसाची फिल्म बघून हिला आहे आणि हिला नाही, असं कोणी सांगू शकत नाही."

"म्हणजे पुरावा नाही."

"फिल्मचा नाही. आणि जोडण्या वेगळ्या म्हणून आजार होतो, की वर्षानुवर्षं आजार असल्यामुळे जोडण्या बदलतात, हेही आम्हाला पक्कं माहीत नाही."

मला ही बाई आवडली. माहीत नाही म्हणणारे डॉक्टर माझ्या फायलींमध्ये सहसा सापडत नाहीत. सासूबाईंना कळावं म्हणून तिने सोपं करून विचारलं, तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे का? आहे, जुनी, जाळीच्या दाराची. दार नीट लावलं तरी ती अधूनमधून 'कृपया दरवाजा बंद करें' म्हणत बसते. "तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "दार लागलेलं असतं. तुम्हाला डोळ्यांना दिसतही असतं. पण आतला आवाज थांबत नाही, म्हणून तुम्ही परत परत दार लावता."

सासूबाईंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "हो," त्या म्हणाल्या. "स्वच्छ झालाय ते मला दिसतं. तरी."

मी मात्र इतक्या सहज विरघळणार नव्हते. मी म्हणाले, "डॉक्टर, लिफ्ट बिघडलीय हे मान्य. पण ती माझ्याच मजल्यावर का ओरडते?"

सासूबाईंनी पदराखाली हात लपवले. डॉक्टर माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "बरोबर विचारलंत. मेंदू फक्त भीती वाजवत ठेवतो. भ्यायचं कशाला, हे माणूस घरातून शिकतो, गावातून शिकतो. त्याचं औषध माझ्याकडे नाही. पण वाजणं कमी झालं, तर बाकीचं निदान ऐकू तरी येतं."

गोळ्या सुरू झाल्या, आणि शेजारच्याच खोलीत बसणाऱ्या थेरपिस्टकडे जाणं सुरू झालं. पद्धत ऐकायला साधी होती. ज्याची भीती वाटते ते करायचं, आणि नंतर धुवायचं नाही. बेचैनी वाढते, वाढू द्यायची, ती आपोआप उतरते. सोप्यापासून सुरुवात करायची आणि पायऱ्या चढत जायचं. घरच्यांनी 'स्वच्छ आहे हो, काळजी करू नका' असं म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी थेरपिस्टने पायऱ्या विचारल्या आणि सासूबाई बोटांवर मोजत सांगायला लागल्या: दुधाची पिशवी. दाराची कडी. शेअर रिक्षाची सीट. पायरीवर सांडलेलं पाणी. मग थांबल्या.

"सगळ्यात वरची कोणती?"

थेरपिस्टने माझ्याकडे पाहिलं. "या बाहेर थांबल्या तर बरं वाटेल का?"

"नको. बसू दे तिला," सासूबाई म्हणाल्या. "तिला माहीत आहे." मग माझ्याकडे न बघता, "हिचा उष्टा कप."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

त्या सांगत राहिल्या. त्यांच्या माहेरी पडवीच्या वळचणीला एक कान तुटलेला कप खोचून ठेवलेला असायचा. कामाला येणाऱ्या माणसांसाठी, म्हणजे माझ्या समाजातल्या माणसांसाठी. चहा त्यातच, वरून ओतलेला. लहानपणी खेळता खेळता तहान लागली म्हणून यांनी तो कप काढला आणि रांजणातलं पाणी घेऊन प्यायल्या. आईने पाहिलं. विहिरीवर नेऊन डोक्यावरून पाणी ओतत राहिली, घासत राहिली, आणि संध्याकाळपर्यंत घरात घेतलं नाही. "तेव्हापासून ते कधी गेलंच नाही," सासूबाई म्हणाल्या. "ही घरात आली तेव्हा वाटलं, मी शिकलेल्या मुलाची आई, मला चालतं सगळं. मनापासून वाटलं. आणि पहिल्याच दिवशी कप हातात घेतला नि हात थांबेनात. मला लाज वाटते गं. पण लाज वाटली तरी थांबत नाही."

मला भयंकर राग आला. त्या कपावर आला, त्या विहिरीवर, त्यांच्या मेलेल्या आईवर आणि समोर बसलेल्या त्यांच्यावरसुद्धा. पण त्याच क्षणी, पहिल्यांदाच, माझा त्यांच्यावर विश्वासही बसला. आमच्या कामात एक गोष्ट शिकवतात: खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या विरुद्ध जाईल असं काही सांगत नाही. सासूबाईंना 'मी सगळ्यांचंच धुते' म्हणून सुटता आलं असतं. नवऱ्याने तर ते उत्तर तयारच ठेवलं होतं.

परत येताना स्टेशनवरून आम्ही रिक्षा केली. घराजवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "रागावलीस ना?" मी म्हणाले, "हो." त्यांनी मान हलवली. त्यांना ते उत्तर बरं वाटलं असावं.

पायऱ्या चढायला पुढचे कितीतरी महिने गेले. दुधाची पिशवी लवकर जमली. कडीने रडवलं. घरात देखरेखीचं काम आपसूक माझ्याकडे आलं, आणि संशयी माणसाला याहून आवडीचं काम मिळणार नाही. त्या बाथरूममधून बाहेर आल्या की मी आत जाऊन साबणाला हात लावून बघायचे. ओला असला की समजायचं. त्या पकडल्या जायच्या, कबूल करायच्या, पुन्हा पहिल्यापासून. नवरा म्हणायचा, "तू त्या साबणाला दिवसातून किती वेळा हात लावतेस? डॉक्टरकडे तुझीपण वेळ घेऊ का?" मी त्याला म्हणायचे, तू गप्प बस, तुझा एमआरआय विसरलेले नाही मी.

वरच्या पायरीचा रविवार थेरपिस्टनेच ठरवून दिला होता. चार वाजताचा चहा. मी माझ्या कपातला बराचसा चहा प्यायले आणि कप सासूबाईंसमोर सरकवला. एक घोट घ्यायचा, एवढंच ठरलेलं. नवरा मुद्दाम खाली गेला होता. मुलगी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती.

सासूबाईंनी कप दोन्ही हातांनी धरला. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला. मी 'काही होत नाही' म्हणू शकत नव्हते, तसं म्हणायचं नव्हतं. आणि म्हणायचं असतं तरी मी म्हटलं नसतं. माझ्या कपातून प्यायल्याने काही होत नाही हे मी कोणाला का म्हणून समजवायचं? त्यांनी डोळे मिटले, घोट घेतला, गिळला. कप खाली ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसल्या. आम्ही दोघी नुसत्या बसून होतो. त्यांचा श्वास वाजत होता.

मुलगी उठली. कप रिकामा झाला असं तिला वाटलं असावं. तिने तो कानाला चिमटीत पकडून उचलला, अगदी सासूबाई उचलतात तसा, अंगापासून लांब धरून. आणि सिंककडे निघाली.

"आजी, हा खूप खूप धुवायचा ना?"

सासूबाईंनी डोळे उघडले.

"नाही," त्या म्हणाल्या.

"पण आईचा आहे."

"हो, आईचा आहे. आण इकडे."

मुलीने गोंधळून कप परत आणला. सासूबाईंचे हात उघड उघड थरथरत होते, त्यांनी ते लपवले नाहीत. गार झालेला, साय धरलेला चहा त्यांनी पुन्हा तोंडाला लावला. हा दुसरा घोट कोणी सांगितलेला नव्हता. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"मला पण," ती म्हणाली.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मुलीने कप घेतला आणि तळाशी राहिलेला घोट पिऊन टाकला. मग नाक मुरडून म्हणाली, "गार आहे," आणि कप तिथेच ठेवून परत चित्राकडे गेली.

मला रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू द्यायचं नव्हतं. मी बाथरूममध्ये गेले, दार लावून घेतलं. मग सवयीने साबणाला हात लावला. कोरडा होता. मी नळाकडे पाहिलं, खालची बादली पाहिली. बाहेरून काही आवाज येतोय का ते ऐकलं. नाही.

मग मी साबणाला पुन्हा एकदा हात लावून पाहिला.